वृषणाजवळ गाठ हाताला लागली तर ती कशाची असू शकते?

रानजांभूळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात या विषयावर जुना धागा शोधला, मिळाला नाही, म्हणून नवा काढतोय. विषय नाजूक आहे, पण मोकळेपणाने लिहा ही विनंती.

वय ३१, पुण्यात नोकरी. परवा अंघोळ करताना उजव्या वृषणाच्या वरच्या टोकाला, किंचित मागच्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. ताप नाही, लघवीला जळजळ नाही, मार लागल्याचंही आठवत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, लगेच दाखवून या. पण दाखवायचं कोणाला? फॅमिली डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ की युरॉलॉजिस्ट? रात्री नेटवर वाचत बसलो, तर कुठूनही सुरुवात करा, शेवट कॅन्सरवरच. धड झोप नाही.

अशा गाठीमागे काय काय कारणं असतात, डॉक्टर ती ओळखतात कशी आणि घाई किती करायची, एवढं कोणी सांगेल का?

ठाणेकर_काका

सर्वात आधी, स्टेशनबाहेरच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' वाल्यांकडे चुकूनही जाऊ नका. या विषयात माणूस लाजेपोटी कुठेही जातो, आणि त्या लाजेवरच त्यांची दुकानं चालतात. युरॉलॉजिस्ट गाठा. नाही मिळाला तर जनरल सर्जन. तुमचे फॅमिली डॉक्टर चांगले असतील तर तेही हात लावून बघतील आणि सोनोग्राफी लिहून देतील. बायको बरोबर सांगतेय.

शल्यकर्मी

मी तालुक्याच्या गावी जनरल सर्जन आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही. पण आम्ही विचार कसा करतो ते सांगतो, म्हणजे निदान रात्री तरी बऱ्या जातील.

आमचा पहिला प्रश्न असतो, गाठ गोळीच्या (म्हणजे वृषणाच्या) आत आहे की गोळीबाहेर? पिशवीत नुसती गोळी नसते. गोळीच्या मागे वरपासून खालपर्यंत चिकटलेली एक मऊसर वळी असते, तिला एपिडिडिमिस म्हणतात. शुक्राणू तिथे पक्व होतात. तिथून वीर्यनलिका निघते आणि रक्तवाहिन्यांसोबत जांघेकडे वर जाते. कित्येक तरुण आयुष्यात पहिल्यांदाच लक्ष देऊन हात लावतात आणि ही नैसर्गिक वळीच गाठ समजून घाबरून येतात. त्यांना समजावून घरी पाठवणं हेही आमचं कामच.

गोळीपासून वेगळी लागणारी, वर-मागे असलेली, गुळगुळीत, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा एपिडिडिमिसमधली पाण्याची गाठ निघते. तिच्यात कधी स्वच्छ पाणी असतं, कधी शुक्राणू असलेलं दुधट पाणी. दोन्ही निरुपद्रवी. फार मोठी झाली किंवा ओढ लागल्यासारखं दुखू लागलं तरच काढायची. मूल व्हायचं असेल तर उगाच काढूच नये, कारण त्या बाजूची शुक्राणूंची वाट बंद व्हायची शक्यता असते.

दुसरा प्रश्न, गाठीच्या वर बोटं पोचतात का? पिशवीच्या मानेशी अंगठा आणि तर्जनीत पकडून बघतो. सूज तिथेच संपली तर ती पिशवीतलीच. ती थेट जांघेत शिरत असेल, खोकल्यावर बोटाला धक्का देत असेल आणि आडवं पडल्यावर आत जात असेल, तर तो हर्निया. आपल्याकडची म्हातारी माणसं ज्याला अंतर्गळ म्हणतात तो. त्याला औषध नाही, शस्त्रक्रियाच. आत जाणारा हर्निया एके दिवशी आत जाईनासा झाला, टणक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलंय असं समजून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

तिसरी गोष्ट टॉर्च. खोलीतला दिवा मालवून सुजेला मागून टॉर्च लावतो. पाणी असेल तर पिशवी लालसर उजळते आणि आतली गोळी काळ्या सावलीसारखी दिसते. हे हायड्रोसील, म्हणजे अंडवृद्धी. पण तरुण माणसात हायड्रोसील नव्यानेच झालं असेल तर मी सोनोग्राफी केल्याशिवाय सोडत नाही. पाण्याआड गोळी हाताला नीट लागत नाही, आणि क्वचित गोळीतल्याच आजारामुळे ते पाणी साठलेलं असतं.

आता ज्याची भीती आहे त्याबद्दल. गोळीच्याच आत, तिच्यापासून वेगळी न होणारी, टणक, बहुधा न दुखणारी गाठ ही वृषणाच्या कर्करोगाची शक्यता धरूनच तपासायची. हा आजार मुख्यतः १५ ते ४० वयातला. भारतात तो विरळा आहे, नॉर्वे-डेन्मार्ककडे बराच जास्त. सोनोग्राफी आणि रक्ताच्या ३ तपासण्या (एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच) यांवरून दिशा कळते. अशा गाठीत पिशवीतून सुई घालून तुकडा कोणालाही काढू देऊ नका. पेशी पसरायचा धोका असतो. शस्त्रक्रिया जांघेतून करतात आणि गोळी पूर्ण काढून तपासायला पाठवतात.

तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता जास्त वाटते, पण वर्णन म्हणजे तपासणी नव्हे. याच आठवड्यात दाखवा. मध्यरात्री धावत जायची गरज नाही, महिनाभर थांबायचीही नाही.

पाटील_मास्तर

डॉक्टरांनी हर्नियाच्या घाईबद्दल लिहिलंय. दुसरी एक घाई मी जवळून पाहिली आहे, ती पालकांसाठी लिहितो.

आश्रमशाळेच्या वसतिगृहावर माझी ड्युटी होती. नववीतला एक मुलगा पहाटे उठून बसला. पोटात दुखतंय म्हणाला, एकदा ओकला. सगळ्यांना वाटलं खाण्यातून झालं. गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि पाय सरळ करायला तयार नव्हता. ग्रामीण रुग्णालयात नेला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि मग आम्हाला बाहेर काढून मुलाची चड्डी उतरवून पाहिली. डावी गोळी वर ओढली गेलेली, लालबुंद, हात लावू देईना. लगेच १०८ बोलावून जिल्ह्याला पाठवला. गोळीला पीळ पडला होता. वेळेत पोचल्यामुळे वाचली. दुसऱ्या बाजूलाही टाके घालून गोळी जागेवर बसवली, कारण तिलाही तसाच पीळ पडू शकतो असं तिथल्या सर्जननी सांगितलं.

मुलगा पोटात दुखतंय म्हणत होता कारण खरी जागा सांगायची लाज. मुलगे खालचं दुखणं पोटावर ढकलतात. वयात येणारा मुलगा अचानक पोट धरून कळवळत असेल तर आईवडिलांनी, मास्तरांनी सरळ विचारावं, 'खाली दुखतंय का रे?'

शल्यकर्मी

मास्तर, हा प्रतिसाद प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावावा असा आहे. पीळ पडल्यापासून ६ तासांच्या आत सोडवला तर गोळी बहुतेक वेळा वाचते. २४ तास उलटले की क्वचितच. त्यामुळे अचानक सुरू झालेलं तीव्र दुखणं असेल तर उद्या सकाळी ओपीडीत दाखवू असा विचारही करायचा नाही. शंका दाट असेल तर आम्ही सोनोग्राफीसाठीसुद्धा थांबत नाही.

दुखण्यासोबत सूज हळूहळू दोन-तीन दिवसांत वाढली असेल, ताप असेल, लघवीला जळजळ असेल, तर तो बहुधा एपिडिडिमिसचा जंतुसंसर्ग. तरुणांत लैंगिक संबंधातून आलेला, वयस्करांत लघवीच्या मार्गातला. गालगुंड झाल्यावर काही दिवसांनी गोळी सुजते तीही आठवणीत असू द्या. प्रतिजैविकांनी सूज उतरली नाही, एपिडिडिमिस खडबडीत टणक राहिलं, वीर्यनलिकेवर मणी ओवल्यासारखे लागले किंवा पिशवीच्या त्वचेतून पू वाहू लागला, तर क्षयरोग. आपल्या देशात हे विसरून चालत नाही. फुफ्फुस स्वच्छ असतानाही इथे टीबी असू शकतो. औषधं साधारण ६ महिने, सरकारी दवाखान्यात मोफत, आणि रोग बरा होतो.

सोलापुरी_चादर

नावाप्रमाणे पांघरूण घेऊनच विचारतो. माझ्या पिशवीच्या त्वचेवरच पांढरट, टणक, छोट्या गाठी आहेत. वर्षानुवर्षं आहेत, आता संख्या वाढलीय. गोळीशी संबंध नाही. हे काय? आणि माझा धाकटा भाऊ लिंगाच्या टोकाभोवती बारीक पुरळाची रांग आहे म्हणून घाबरलाय. त्याचं अजून लग्नही नाही, कुणाशी संबंधही नाही, असं म्हणतो.

अनघा_त्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे पुरुष रुग्ण येतात, समोर बाई बघून खाजेचं मलम घेऊन परत जातात आणि खरी तक्रार तशीच राहते. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पिशवीच्या त्वचेत न दुखणाऱ्या, पांढऱ्या-पिवळसर, त्वचेसोबत सरकणाऱ्या गाठी बहुधा सेबेशियस सिस्ट असतात. पुढे त्यात चुना साचून टणक होतात. धोका नाही. फोडू नका, नखांनी पिळू नका, सुई तर अजिबात घालू नका. पिकून येतात त्या अशा फोडलेल्याच. नको वाटत असतील तर काढता येतात. पिशवीवर गडद लाल-जांभळे ठिपके वयानुसार येतात, तेही साधेच.

भावाला माझ्याकडून सांगा, शिश्नमुंडाच्या कडेने एकसारख्या, मोत्याच्या रंगाच्या बारीक कणांची ओळ असेल तर ती शरीराची नैसर्गिक ठेवण आहे. रोग नाही, संसर्ग नाही, उपचारांची गरज नाही. पण ओळ एकसारखी नसेल, खडबडीत, फुलकोबीसारखे कोंब वाढत असतील तर ते एचपीव्ही विषाणूचे चामखीळ. त्यावर उपचार आहेत आणि जोडीदाराचीही तपासणी लागते.

न दुखणारं, कडक बुडाचं एकच व्रण असेल आणि सोबत जांघेत गाठी आल्या असतील तर सिफिलिस या लैंगिक आजाराची रक्ततपासणी करायचीच. ते व्रण काही आठवड्यांत आपोआप भरून येतं आणि माणसाला वाटतं बरं झालं. आजार मात्र आत पुढे सरकत राहतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो. सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' नावाने स्वतंत्र सोय असते, तिथे नाव गुप्त ठेवतात.

आणि पन्नाशीपुढच्यांसाठी: कातडी मागे सरकेनाशी झाली असेल, आत काही टणक लागत असेल, घाण वास येत असेल, रक्त लागत असेल, तर मधुमेहामुळे होतंय म्हणून पावडरी लावत बसू नका. कातडीआडचा लिंगाचा कर्करोग असाच लपून वाढतो. लिंगाच्या दांड्यात चट्ट्यासारखा टणकपणा आणि वाकडेपणा हा वेगळा विकार, पेरोनी. तो कर्करोग नाही, पण लवकर दाखवला तर उपाययोजना करता येते.

वैनगंगाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून काम करते. वर अंडवृद्धीबद्दल एका परिच्छेदात आलं. आमच्याकडे तो एक परिच्छेद नाही, अख्ख्या घराचं आयुष्य आहे.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोग आहे. पाय सुजतो हे सगळ्यांना माहीत. पण हा रोग करणारा जंतच पुरुषाच्या पिशवीतल्या लसिकावाहिन्यांत राहतो आणि हायड्रोसील होतं. पाय झाकता येत नाही म्हणून लोकांना दिसतो. हे धोतराआड, लुंगीआड दहा-दहा वर्षं लपतं. सायकल चालवता येत नाही, धानाच्या बांधीत वाकून रोवणी करता येत नाही, मजुरीला कोणी बोलवत नाही. मी घरी जाते तेव्हा बायको दारातच हळूच सांगते. नवरा खाटेवरून उठत नाही.

गाववैद्याकडून सुईने पाणी काढून घेतात. महिन्याभरात परत भरतं, वर पू होतो. औषधाच्या गोळ्यांनीही साचलेलं पाणी जात नाही. गोळ्या जंतासाठी असतात. हायड्रोसीलला शस्त्रक्रियाच लागते, आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. आमच्या भागात त्यासाठी शिबिरं लागतात. ऑपरेशन करून आलेला माणूस पुढच्या रोवणीला शेतात दिसला की मी दुसऱ्या घरी त्याचंच नाव सांगते, अर्थात त्याला विचारून.

वर्षातून एकदा गोळ्या वाटायला आम्ही येतो तेव्हा जेवण करून आमच्यासमोर गिळा. डीईसी आणि अल्बेंडाझोल ही जंतांवरची औषधं, काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनही. २ वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी. 'मला काही झालं नाही, मी कशाला खाऊ' असं म्हणतात. पण जंतू अंगात असून वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. म्हणून तर आम्ही रात्री रक्त घ्यायला फिरतो, कारण ते बारीक जंत रात्रीच रक्तात वर येतात. हा रोग पसरवणारा डास गटारात, संडासाच्या टाकीत होतो. व्हेंट पाइपला जाळी बांधा.

रानजांभूळ (धागाकर्ता)

वैनगंगाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला.

आज युरॉलॉजिस्टना दाखवलं आणि तिथूनच सोनोग्राफीला गेलो. कोणाला भीती असेल तर सांगतो, काहीही अवघड नाही. खाली एक टॉवेल, वर एक टॉवेल, थंडगार जेल, आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत राहतात. मध्येच श्वास रोखून पोटाला जोर द्यायला लावलं, मग उभं राहून परत पाहिलं. दुखलं काहीच नाही.

रिपोर्ट: उजव्या एपिडिडिमिसच्या डोक्याशी ७ मिमीची साधी सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ. दोन्ही वृषणांचा आकार आणि रक्तपुरवठा नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, विसरून जा, वाढली किंवा दुखली तर या. पण डाव्या बाजूला 'ग्रेड १ व्हेरिकोसील' असंही लिहिलंय. त्याबद्दल विचारायचं राहिलं. आम्हाला मूल हवंय, म्हणून मनात घर करून बसलंय.

शल्यकर्मी

फार छान झालं. व्हेरिकोसील म्हणजे गोळीकडून वर जाणाऱ्या शिरा फुगणं. मोठं असेल तर उभं राहिल्यावर गांडुळांचं गाठोडं हाताला लागल्यासारखं वाटतं. शंभरात साधारण १५ पुरुषांना असतं आणि बहुतेकांना डावीकडे, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, तिथे दाब जास्त. ग्रेड १ म्हणजे जोर दिल्यावरच जाणवणारं. त्याला काही करायचं नसतं. शस्त्रक्रियेचा विचार कधी? मूल होत नसेल आणि वीर्यतपासणीत दोष असेल, सतत ओढ लागून दुखत असेल, किंवा वयात येणाऱ्या मुलाची त्या बाजूची गोळी लहान राहत असेल तेव्हा. तुम्ही आधी नेहमीसारखा प्रयत्न करा. वर्षभरात काही झालं नाही तर वीर्यतपासणी, आणि ती दोघांच्या तपासणीसोबत.

एक अपवाद लिहून ठेवतो. फक्त उजवीकडे, किंवा उतारवयात अचानक झालेलं, आडवं पडल्यावरही न ओसरणारं व्हेरिकोसील असेल तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंड बघायचं. तिथल्या गाठीने शीर दाबली गेलेली असू शकते.

लीड्सचा_नाशिककर

धागाकर्त्याची गाठ साधी निघाली, मनापासून बरं वाटलं. माझी नव्हती. म्हणून लिहितो, कारण पुढे कोणीतरी हा धागा अशा रात्री वाचत असेल ज्याची गाठ गोळीच्या आत आहे.

इथे नोकरीला आलो तेव्हा सत्ताविशीत होतो. दुखत काहीच नव्हतं. डावी बाजू जड वाटायची आणि गोळीचा एक भाग दगडासारखा लागायचा. जीपींनी (इथले फॅमिली डॉक्टर) तपासलं आणि तातडीने पुढे पाठवलं. सोनोग्राफी, रक्त, आणि मग जांघेतून गोळी काढली. सेमिनोमा, म्हणजे वृषणाच्या कर्करोगाचा एक प्रकार. पहिल्याच टप्प्यात होता. या टप्प्यावर ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात, आणि पसरलेला असतानाही सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधामुळे बहुतेकांना बरं करता येतं, हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं गेलं. आईला फोनवर सांगायचं कसं कळेना, तेव्हा युवराज सिंगचं उदाहरण दिलं. त्याचा आजार याच जातीचा होता, फक्त छातीत. २०११ चा विश्वचषक खेळला, २०१२ मध्ये अमेरिकेत केमो घेतली आणि त्याच वर्षी भारताकडून परत उतरला. आई म्हणाली, 'मग तूही उतरशील.' नंतर बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. उपचार सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल स्वतः विचारा. गडबडीत ते राहून जातं. आणि एक गोळी शाबूत असेल तर पुरुषपण, दाढी, संबंध, मूल यांत सहसा उणं पडत नाही. मला मुलगी आहे, गोठवलेलं वापरावं लागलं नाही.

ठाणेकर_काका

नाशिककर, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

डॉक्टर, मग बायका स्तन तपासतात तसं पुरुषांनी दर महिन्याला तपासावं का? माझा मुलगा १८ चा आहे, त्याला काय सांगू?

शल्यकर्मी

यावर दोन मतं आहेत. सर्वांनी नेमाने तपासल्याने जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. आजार विरळा, आणि उशिरा सापडला तरी बरा होण्याचं प्रमाण मोठं. म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये सरसकट तपासणीची शिफारस करू नये असं म्हटलं. माझं मत विचाराल तर, मुलाला दर महिन्याचं वेळापत्रक लावून काळजीत टाकू नका. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर पिशवी सैल असते, तेव्हा अंगठा आणि बोटांत हलकेच फिरवून आपली गोळी, आपली वळी कशी लागते हे एकदा ओळखून घ्यायला सांगा. एक गोळी थोडी मोठी, डावी जरा खाली, हे नॉर्मल. मग कधी काही बदललं तर त्याला कळेल. आणि कळल्यावर तुम्हाला सांगता येईल एवढं घर मोकळं असू द्या.

नीलाक्षी

काका आणि डॉक्टर, मुलाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझं बाळ ८ महिन्यांचं आहे. उजवी गोळी पिशवीत लागत नाही, जांघेत बारीकशी गाठ लागते. सासूबाई म्हणतात, तेलाने मालिश केल्यावर उतरेल, यांचीही उशिरा उतरली होती. डाव्या बाजूला जन्मतः पाणी होतं, ते आता बरंच कमी झालंय.

शल्यकर्मी

नीलाक्षीताई, डावीकडचं पाणी बहुतेक बाळांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं, त्याची वाट बघू शकता. उजवीकडच्या गोळीची मात्र बघू नका. जांघेतली ती गाठ म्हणजे बहुधा न उतरलेली गोळीच. ६ महिन्यांनंतर ती स्वतःहून उतरण्याची शक्यता फार कमी, आणि मालिशने उतरत नाही. साधारण ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान छोटी शस्त्रक्रिया करून ती पिशवीत आणतात. शरीराच्या आतल्या उबेत राहिली तर पुढे शुक्राणू कमी बनतात आणि तरुणपणी कर्करोगाचा धोका वाढतो. सासूबाई म्हणतात तसंही काहींचं असतं. गोळी थंडीने, रडण्याने वर जाते आणि उबेत खाली येते, तिला काही करावं लागत नाही. बाळ कोमट पाण्यात शांत असताना एकदा बघा, आणि काहीही दिसलं तरी बालशल्यचिकित्सकांना दाखवा. यात सोनोग्राफीपेक्षा अनुभवी हात जास्त उपयोगी.

नीलाक्षी

धन्यवाद डॉक्टर. सासूबाईंनाच प्रतिसाद वाचायला दिला. गुरुवारची वेळ मिळाली आहे, त्या स्वतः सोबत येणार आहेत. जन्माच्या वेळचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन जाते.